गुडघ्याचं ऑपरेशन आणि रजेचं गणित: नाशिककर नेहमी विचारतात ते प्रश्न

सांधा बदलायचं ठरलं की सुरुवातीचे प्रश्न डॉक्टरांसाठी असतात: मेटल कोणतं, टाके किती, किती दिवस ॲडमिट. मग घरातले प्रश्न सुरू होतात. रजा किती टाकू, आईजवळ कोण थांबणार, वरच्या मजल्यावरचा पलंग खाली कसा आणायचा. मी नाशिकमध्ये पेशंटच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देते, त्यामुळे हे दुसरे प्रश्न माझ्या वाट्याला जास्त येतात. तुमचे सर्जन खालच्यापेक्षा वेगळं काही सांगत असतील तर त्यांचं ऐका. तुमचा एक्स-रे त्यांनी पाहिलाय, मी नाही.

ऑपरेशन करावंच लागेल का? अजून वर्षभर ढकलता येईल का?

एक्स-रे कितीही वाईट दिसला तरी ऑपरेशन एक्स-रेचं नसतं, माणसाचं असतं. गंगापूर रोडला रोज फेरी मारता येते, जिना चढता येतो, रात्री झोप लागते, मग घाई कशाला? वजन उतरवा, मांडीचे व्यायाम करा. एक किलो वजन घटलं की चालताना गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि एवढा नकोसा वाटणाराही नाही.

रात्री दुखण्याने जाग येते, दहा मिनिटं चाललं की बसावं लागतं, वेदनाशामक गोळी रोजची झाली, पाय धनुष्यासारखा वाकत चालला, अशी वेळ आली की ढकलण्यात तोटा आहे. मांडीचा स्नायू सुकत जातो, गुडघा पूर्ण ताठ होईनासा होतो. ऑपरेशनआधी गुडघा किती हलतो यावर नंतर तो किती हलणार हे बरंचसं ठरतं. वेदनाशामक वर्षानुवर्षं घेतल्याने किडनीला त्रास होतो, तो वेगळाच.

नेमकं काय बदलतात? अख्खा गुडघा काढतात का?

नाही. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची झिजलेली टोकं काही मिलिमीटर तासतात, त्यावर धातूचं आवरण बसवतात आणि मध्ये टणक प्लॅस्टिकची चकती ठेवतात. वाटीला आतून प्लॅस्टिकचा तुकडा लावायचा की नाही, हे सर्जन ठरवतात. स्नायू आणि बाजूचे बहुतेक बंध तुमचेच राहतात, म्हणून तर व्यायामाला एवढं महत्त्व.

वर्षातला कोणता महिना बरा?

हा प्रश्न लोक सर्जनला विचारतात. खरं तर तो स्वतःच्या कामाला विचारायला हवा. ऑपरेशन बाराही महिने होतं. पावसाळ्यात जखम चिघळते, हा समज एसी ऑपरेशन थिएटरच्या आधीच्या काळातला आहे. पावसाळ्याची खरी अडचण निसरड्या अंगणाची आणि वॉकर घेऊन चालायला जागा नसण्याची.

दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराचं उदाहरण घ्या. माल मार्च-एप्रिलपर्यंत निघतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा फळछाटणी. मधल्या काळात बागेत काम असतंच, पण मालकाने स्वतः उभं राहिलंच पाहिजे असं कमी. खरड छाटणी आटोपली की मे महिन्यात ऑपरेशन केलं, तर ऑक्टोबरच्या छाटणीला पाच महिने हाताशी राहतात. दिवाळीनंतर केलं तर ऐन हंगामात माणूस वॉकरवर, आणि व्यापारी बागेत आला की तो वॉकर बांधावर ठेवून मातीत उतरणारच. कांदेवाल्यांनी उन्हाळ कांद्याची काढणी आणि चाळीत भरणं उरकल्यावरची वेळ धरावी.

शिक्षकांना पेपर तपासून झाले की मेची सुट्टी आहेच. मेच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन आणि जूनच्या मध्याला शाळा, म्हणजे सहा आठवडे पदरात पडतात. त्याला पंधरा दिवसांची रजा जोडली की बेत नीट बसतो.

कंपनीत असाल तर वार्षिक शटडाऊन कधी आहे ते पाहा. घरात लग्न असेल तर ऑपरेशन एक तर लग्नाच्या तीन महिने आधी करा, नाहीतर लग्नानंतर. लग्नाच्या महिनाभर आधी ऑपरेशन केलेली वरमाई मी पाहिली आहे. पाहुण्यांना नमस्कार करून करून संध्याकाळी गुडघा दुप्पट झाला होता.

आणखी एक नाशिकचंच: सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद असतात. पंचवटी, रामकुंड, जुनं नाशिक किंवा त्र्यंबक रोडला राहत असाल, तर टाके काढायला जायची तारीख त्या दिवसांत येणार नाही एवढं पाहा.

रजा किती टाकू? डॉक्टर म्हणाले सहा आठवडे.

ते सहा आठवडे म्हणजे जखम भरून तुम्ही आधाराशिवाय किंवा काठीने नीट चालायला लागण्याचा काळ. तुमचं काम काय आहे, हे त्यात धरलेलं नसतं.

बसून काम असेल, म्हणजे बँक, ऑफिस, आयटी, तर चार ते सहा आठवड्यांत परत जाता येतं. घरून काम करायची सोय असेल तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून रोज दोन-तीन तास सुरू करता येतील. मात्र वेदनेची जड गोळी घेऊन हिशेबाचं काम करू नका. ऑफिसात सलग बसणं हाच मोठा त्रास असतो. अर्ध्या-पाऊण तासाने उठून फेरी मारायला हवी. साहेबांना हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

शिक्षक, दुकानदार, नर्स, काउंटरवरचे लोक: सहा ते आठ आठवडे, जास्त उभं राहावं लागत असेल तर दहा. मेन रोडवर किंवा रविवार कारंजाला गादीवर मांडी घालून बसण्याचं दुकान असेल तर गादी आता मुलाची. तुम्ही खुर्ची घ्या, गिऱ्हाईक तुटत नाही.

सातपूर-अंबडला मशीनवर आठ तास उभे असाल तर दहा-बारा आठवडे धरा. यात कंपनीच्या बसचाही हिशेब करा. त्या बसची पहिली पायरी बहुधा गुडघ्याएवढी उंच असते, मागे रांग लागलेली असते, आणि ड्रायव्हर थांबायला तयार नसतो. मशीनवर उभं राहायला जमू लागलेल्या माणसाचं त्या पायरीवर अडलेलं मी पाहिलंय. म्हणून रजा संपायच्या आधी घरच्या जिन्याची उंचातली उंच पायरी चढून-उतरून पाहा. पहिला महिना फर्स्ट शिफ्ट आणि बसून करायचं काम, इन्स्पेक्शन किंवा पॅकिंग, मिळालं तर उत्तम. रात्रपाळी शेवटी, कारण थकलेल्या पायाने अंधारात पार्किंगपर्यंत जाणं बरं नव्हे.

ओझी उचलणं, शिडी, उकिडवं बसून करायचं काम असेल तर तीन महिन्यांच्या पुढे. त्यातली काही कामं कायमची सोडावी लागतील. कांद्याची लागण, खुरपणी ही उकिडव्या बसणीची कामं नव्या गुडघ्याला मानवत नाहीत. हे ऑपरेशनआधी सर्जनसमोर स्पष्ट बोलून घ्या.

माझा सल्ला: डॉक्टर सांगतील तेवढी रजा मंजूर करून घ्या आणि वर दोन आठवडे शिल्लक ठेवा. लवकर बरं वाटलं तर रजा वाचते. उशीर झाला तर पुन्हा हात पसरावे लागत नाहीत.

अर्ज कसा करायचा? सर्टिफिकेट कधी मागायचं?

तारीख ठरली की लगेच सांगा. अचानक आलेल्या आजारपणाला साहेब काही म्हणत नाहीत, पण ठरवून केलेल्या ऑपरेशनची खबर आदल्या आठवड्यात दिली की तोंड वाकडं होतंच. अर्जाला सर्जनचं ऑपरेशनची तारीख आणि विश्रांतीचा अंदाज लिहिलेलं पत्र जोडा. डॉक्टर बहुतेकदा विश्रांती तुकड्यातुकड्यांनी लिहून देतात, आधी सहा आठवडे, मग तपासून पुढे. हे एचआरला आधी माहीत असलं की मुदतवाढीचा अर्ज संशयाने वाचला जात नाही.

परत जाताना नुसतं ‘फिट’ असं सर्टिफिकेट घेऊ नका. ‘इतके आठवडे वजन उचलू नये, शिडी चढू नये, सलग उभं राहू नये’ असं लिहून मागा. तोंडी सांगितलेली सवलत सुपरवायझर बदलला की संपते.

पगार चालू राहील का?

ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असाल (पगार महिना २१ हजारांपर्यंत) तर आजारपणाचा भत्ता मिळतो: सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरांचं लागतं. थेट खासगी दवाखान्यात जाऊन ऑपरेशन करून मग कागद घेऊन गेलात तर अडचण येते. आधी आपल्या ईएसआय दवाखान्यातून किंवा सातपूरच्या ईएसआय रुग्णालयातून रेफर करून घ्या.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ लागू आहेत. अर्जित रजा शिल्लक असेल तर ती, नाहीतर वैद्यकीय कारणावर परिवर्तित रजा, म्हणजे पूर्ण पगार पण अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस जमा होते आणि बहुतेकांच्या खात्यात ती पडून असते. निवृत्तीच्या वेळी रोखीत हिशेब मुख्यतः अर्जित रजेचा होतो, म्हणून आधी अर्धवेतनी वापरायची का, हे आस्थापनेच्या बाबूंसोबत बसून ठरवा.

खासगी कंपनीत सिक लीव्ह, मग पीएल (साठलेली हक्काची रजा), मग बिनपगारी, असाच क्रम. बिनपगारी महिना येणार असेल तर घराच्या हप्त्याची तजवीज आधी करा.

बरेच जण म्हणतात, दोन वर्षांत रिटायर होतोय, मग निवांत करू. मला हे फारसं पटत नाही. कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी बहुधा नोकरीबरोबरच संपते, आणि नवी पॉलिसी घेतली की गुडघ्याला थांबण्याची मुदत लागते, म्हणजे तोवर त्या ऑपरेशनचा खर्च मिळत नाही. नोकरीत असताना विमाही आहे, रजाही आहे. दोन वर्षं लंगडत काढून उरलेल्या रजेचे पैसे घेण्यात काय मिळवलं?

मी गृहिणी आहे. मला कुठली आली रजा?

म्हणूनच तुमची रजा सगळ्यात काळजीपूर्वक ठरवायला हवी. नोकरदाराला निदान कुणी तरी मंजुरी देतं. घरातल्या बाईला चौथ्या दिवशी ‘आई, मिठाचा डबा कुठाय’ म्हणून हाक येते आणि ती उठते. पहिले तीन आठवडे स्वयंपाक तुमच्याकडे नको. डबा लावा किंवा बाई ठेवा. साधारण चौथ्या आठवड्यापासून ओट्यापाशी दहा-पंधरा मिनिटं, उंच स्टूलवर टेकून. पोळ्या लाटायला दोन महिने तरी द्या, कारण त्यात एका जागी उभं राहणं फार. फरशी बसून पुसणं आणि खाली बसून भाजी निवडणं, दोन्ही कायमचं बंद.

सणही पाहा. गौरी-गणपतीच्या आधीच्या महिन्यात तारीख घेऊ नका. कुणी कितीही ‘तू बसून राहा’ म्हटलं तरी तुम्ही बसणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

मुलाने किंवा मुलीने किती दिवस रजा काढावी?

ॲडमिट असतानाच सगळी रजा संपवू नका. सगळे हीच चूक करतात. रुग्णालयात नर्स असतात, मावशी असतात, बेल असते. तिथे दिवसा एक माणूस पुरतं, रात्री एक. घरी आल्यावरचे पहिले दहा-बारा दिवस माणूस खरं लागतं: रात्री बाथरूमला नेणं, गोळ्यांच्या वेळा, बर्फ, व्यायाम, ड्रेसिंग. भावंडं असतील तर वार वाटून घ्या. पुण्याहून येणाऱ्याने शनिवार-रविवार, जवळच्याने मधले दिवस. दोन आठवड्यांनी बहुतेक पेशंट दिवसा एकटे राहू शकतात, फोन हाताशी असला म्हणजे झालं.

बघायला येणाऱ्यांना मात्र पंधरा दिवस थोपवा. सर्दीखोकला घेऊन येतात, पलंगावर बसतात आणि ‘आमच्या मेव्हण्याचा दुसऱ्याच दिवशी शंभर अंशात वाकला होता’ असं सांगून पेशंटची झोप घालवतात.

विमा आणि सरकारी योजनांचं काय?

वैयक्तिक पॉलिसीत सांधाबदलाला थांबण्याची मुदत असते. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनी ती जास्तीत जास्त तीन वर्षं केली आहे. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ही अट बहुधा नसते, पण आईवडिलांसाठी काही टक्के रक्कम स्वतः भरायची अट किंवा गुडघ्यावर वेगळी मर्यादा असू शकते. खोलीच्या भाड्याची मर्यादा नक्की पाहा. महागडी खोली घेतली की डॉक्टरांची फी आणि इतर खर्चही त्याच प्रमाणात कापून मिळतो. ठरवून केलेलं ऑपरेशन आहे, तर टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने दावे पाहणारी संस्था) दोन-तीन दिवस आधी कळवा. नियमानुसार कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची असते. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टची बिलंही जपून ठेवा. डिस्चार्जनंतरचा खर्च बऱ्याच पॉलिसींत ठरावीक दिवस मिळतो, मात्र डॉक्टरांनी तसं लिहून दिलेलं हवं.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्नाची अट न घालता मिळतं. पण योजनेतलं प्रत्येक रुग्णालय गुडघ्याचं ऑपरेशन योजनेतून करतंच असं नाही. आधार आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, किंवा १५५३८८ वर विचारा. माजी सैनिकांनी ईसीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून, रेल्वेच्या आणि एचएएलच्या लोकांनी आपापल्या योजनेतून रेफरल आधी घ्यावं.

इम्प्लांट स्वस्तातलं घेऊ की महागडं? रोबोटने करून घेऊ का?

२०१७ पर्यंत इम्प्लांटच्या, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमती मनाला येईल तशा होत्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कमाल किमती ठरवल्या. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या इम्प्लांटला तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपयांची मर्यादा लागली. नंतर तिच्यात फेरफार झाले आहेत, पण मर्यादा आहे. बिलात इम्प्लांटची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा दाखवलेला हवा. सोबत येणारं स्टिकर डिस्चार्ज कार्डाला लावून घ्या. पंधरा-वीस वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरला ते लागेल.

रोबोटने हाडाचा काप अचूक येतो, हे खरं. मात्र अनुभवी सर्जनच्या हाताने बसवलेला गुडघा त्यापेक्षा लवकर बाद होतो, असं अजून ठामपणे दिसलेलं नाही. पैसे मोजकेच असतील तर ते रोबोटवर घालण्यापेक्षा महिनाभराच्या चांगल्या फिजिओथेरपीवर घाला, असं मी म्हणेन. अर्थात यात माझा स्वार्थ आहे.

ऑपरेशनच्या आधी काय तयारी करायची?

सहा आठवडे हाताशी असतील तर पुष्कळ होतं. साखर आटोक्यात आणा. तीन महिन्यांची सरासरी, एचबीए१सी, आठच्या वर असेल तर बरेच सर्जन तारीखच देत नाहीत, आणि बरोबरच करतात. तंबाखू, मिश्री, विडी किमान महिनाभर आधी बंद. रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही. मिश्रीला कुणी तंबाखू समजत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. हिमोग्लोबिन कमी असेल तर आत्ताच लोहाच्या गोळ्या सुरू करा.

जंतूंना शरीरात शिरायची दारं बंद करायची आहेत. किडलेला दात, लघवीची जळजळ, टाचांच्या भेगा, पावसात बोटांमध्ये झालेल्या चिखल्या, नखाची पुळी. बारीकसारीक वाटेल, पण यातून जंतू रक्तात गेले तर नव्या गुडघ्यात जाऊन बसतात. शेतकऱ्यांनी पाय विशेष बघावेत. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानंतर तीन महिने ऑपरेशन टाळतात, म्हणून ते लपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि वैद्याची चूर्णं कधी थांबवायची ते भूलतज्ज्ञांना विचारा. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. पायाचे केस घरी रेझरने काढू नका, बारीक ओरखडे पडतात.

व्यायाम तीनच, रोज: मांडी आवळून गुडघा पलंगावर दाबणं, पाय ताठ ठेवून वितभर उचलणं, टाच सरकवत गुडघा वाकवणं. शिवाय वॉकरवर चालायचा सराव आधीच करा. ऑपरेशननंतर गोळ्यांच्या गुंगीत पहिल्यांदा वॉकर धरलेला माणूस फार घाबरतो.

घरात काय बदल करायचे?

पलंग मांडीइतका उंच हवा, जमिनीवरची गादी नको. कमोड नसेल तर खुर्चीवाला कमोड भाड्याने आणा. बाथरूममध्ये दांडा, चटई आणि प्लॅस्टिकच्या डगमगत्या स्टूलऐवजी पाठीची खुर्ची. पायपुसणी आणि गोधडीवजा सतरंज्या उचलून ठेवा. पिण्याचं पाणी, गोळ्या, देवाची उदबत्ती सगळं कमरेच्या उंचीवर आणा. सिडकोतल्या दुमजली घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात, तिथे महिनाभर हॉलमध्येच मुक्काम टाकावा. जिना चढावाच लागला तर वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना ऑपरेशनचा पाय आधी.

ॲडमिट असताना काय होतं?

बहुधा कमरेतून भूल, तासा-दीड तासाचं ऑपरेशन, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. तीन ते पाच दिवसांत घरी. येताना गाडीची पुढची सीट पूर्ण मागे सरकवून बसा. रिक्षा नको. टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात.

घरी आल्यावर सगळ्यात महत्त्वाचं काय?

गुडघा ताठ करणं. सगळ्यांचं लक्ष वाकवण्याकडे असतं, अंश मोजले जातात, आणि ताठ करायचं राहून जातं. घरी गेले की मला हमखास दिसते ती गुडघ्याखालची मऊ उशी. मायेने ठेवलेली असते, पेशंटलाही बरं वाटतं, आणि गुडघा तसाच अर्धवट वाकलेला आखडतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवा, गुडघा मोकळा लोंबू द्या. दहा मिनिटं नको नको वाटेल, पण नंतरची लंगडी चाल याने टळते.

वाकणं साधारण दोन आठवड्यांत ९० अंशांच्या आसपास यावं, दोन-तीन महिन्यांत ११० ते १२०. व्यायामाच्या अर्धा तास आधी वेदनेची गोळी घ्या. ‘गोळी न घेता सहन करतो’ हे शौर्य इथे उपयोगाचं नाही, कारण दुखतं म्हणून व्यायाम चुकतो. वॉकर दोन ते चार आठवडे, मग काठी, आणि काठी चांगल्या बाजूच्या हातात. सूज आणि कोमटपणा तीन-चार महिने, कधी सहा महिनेही राहतो. जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, चालताना टक् टक् आवाज, हेही होतं. पहिल्या महिन्यात झोप बिघडते आणि उगाच रडू येतं. घाबरू नका, बऱ्याच जणांचं होतं.

तेल, शेक, डिंकाचे लाडू?

जखमेवर तेल नको, हळद नको, गरम शेक तर मुळीच नको. सुजेला बर्फ, फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं. लाडू एखादा खा, पण हाड भरायला तुपापेक्षा प्रथिनं लागतात: मटकी, डाळ, अंडी, पनीर, दही. डिंकाच्या लाडवांनी वाढलेलं वजन त्याच गुडघ्यावर येतं.

गाडी कधी चालवू?

चारचाकी साधारण सहा आठवड्यांनी, जोराने ब्रेक दाबता येतो याची खात्री झाली आणि गुंगीच्या गोळ्या बंद झाल्या की. स्कूटरला दोन-तीन महिने. ब्रेक हाताने असला तरी मुंबई नाक्याच्या सिग्नलला पाय टेकवून गाडी तोलायची असते, आणि मागून रिक्षा चिकटलेली असते. ट्रॅक्टर त्याहून उशिरा: क्लच जड, चढणं उंच.

मांडी घालून पूजा, गड, ब्रह्मगिरीची फेरी?

मांडी आणि उकिडवं बसणं सोडा, पूजा खुर्चीवर किंवा उंच पाटावर. सप्तशृंगी गडावर २०१८ पासून ट्रॉली आहे, तीन महिन्यांनी जायला हरकत नाही. पांडवलेणी सहा महिन्यांनी, सावकाश, काठी घेऊन. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी मात्र चिखल, दगड आणि गर्दीची. पहिल्या वर्षी नको. पुढच्या वर्षी सर्जनना विचारून.

दोन्ही गुडघे एकदम करू का? रजा एकदाच लागेल.

रजेच्या दृष्टीने मोह होतो खरा. प्रकृती ठणठणीत, वय फार नाही आणि दोन्ही पाय सारखेच वाकलेले असतील तर सर्जन तयार होतात. हृदयाचा त्रास, फुप्फुसाचा त्रास किंवा जास्त वजन असेल तर नको. एकेक केले तर मध्ये बहुधा तीनेक महिने ठेवतात, म्हणजे दोन वेळा रजा. ती दोन कॅलेंडर वर्षांत विभागली, एक नोव्हेंबरात आणि दुसरी फेब्रुवारी-मार्चमध्ये, तर बऱ्याच ठिकाणी नव्या वर्षाची सिक लीव्ह वापरता येते.

किती वर्षं टिकतो?

‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली आलेल्या मोठ्या पाहणीनुसार साधारण ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकले. दुसरी बाजूही ऐका: साधारण पाचातला एक पेशंट निकालावर पूर्ण समाधानी नसतो. त्यांतले बरेच जण विशीतल्या गुडघ्याची अपेक्षा ठेवून गेलेले असतात.

लगेच फोन केव्हा करायचा?

पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, जखमेतून पाणी किंवा पू येतोय, लाली पसरतेय, थंडी वाजून ताप आला, पडलात आणि पायावर भार देता येत नाही: त्याच दिवशी सर्जनकडे. छातीत दुखलं किंवा दम लागला तर फोनची वाटही पाहू नका, १०८ ला बोलवा. पायात गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी किंवा इंजेक्शन सांगितलेले दिवस पूर्ण करा, मध्येच सोडू नका. आणि फॅमिली डॉक्टरने जखम पाहून नुसती अँटिबायोटिक लिहून दिली, तर ती सुरू करण्याआधी सर्जनना जखम दाखवा. आतला जंतू ओळखायला सांध्यातल्या पाण्याची तपासणी करावी लागते, आणि औषध आधीच सुरू झालं की त्यात काही सापडत नाही.